डॅमेज सांगून झाल्यावर "थांब, मी शील्ड टाकतो!" – डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या लढाईतला हा नेहमीचा लोचा कसा सोडवायचा

टेबलाभोवती बसून डाइसने खेळायच्या या भूमिकांच्या खेळात डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा डंजन मास्टर, म्हणतो, "ओगर तुझ्यावर सोटा फिरवतो, एकवीस, लागलं, चौदा डॅमेज." आणि टेबलाच्या त्या टोकाला बसलेला विझार्ड, म्हणजे जादूगाराचं पात्र खेळणारा, बचावाच्या मंत्रासाठी ओरडतो, "अरे थांब थांब, मी शील्ड टाकतोय ना!" डीएम म्हणतो डॅमेज सांगून झालं आता कसलं शील्ड, विझार्ड म्हणतो तू एका दमात सगळं बोललास मी कधी बोलणार होतो, तिसरा मोबाईलवर नियम शोधायला लागतो, चौथा म्हणतो मागच्या वेळी तर चाललं होतं, आणि ज्याचा टर्न पुढे आहे तो कंटाळून गॅलरीत फोनवर बोलायला निघून जातो. पुढच्या राउंडला परत हेच, फक्त आता काउंटरस्पेलवरून, म्हणजे समोरच्याचा मंत्र (स्पेल) मोडणाऱ्या मंत्रावरून.

ठाण्यातल्या, घणसोलीतल्या, खारघरच्या ओळखीच्या ग्रुपांकडून हाच प्रश्न सारखा येतो म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतोय. आमचा ग्रुप ऐरोलीत जमतो कारण तेच सगळ्यांना मधलं पडतं, नौपाड्यातले ठाणे स्टेशनवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडून येतात आणि नेरुळवाले उलट्या बाजूने, सगळ्यांना रात्री घरी परतायचं असतं, त्यामुळे खेळायला वेळ मोजकाच. त्यातला मोठा तुकडा "बोललो होतो", "नव्हतास बोललास" यात गेला की खरंच जीव जळतो, कारण ती मारामारीच तर सगळ्यांना खेळायची असते.

मी जे सांगतोय ते मुख्यतः डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचं, म्हणजे २०१४ चे नियम आणि २०२४ चे सुधारलेले नियम. काही टेबलं जुन्यावर आहेत, काही नव्यावर, आणि काहींकडे दोन्ही पुस्तकं एकत्र पडलेली असतात, तिथे तर आधी हेच ठरवा की कुठलं चालतंय, नाहीतर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

आता मुळात होतं काय ते बघू. एका हल्ल्यात चार वेगवेगळ्या जागा असतात. पहिली, निशाणा ठरतो, म्हणजे कोण कोणाला मारतोय ते. दुसरी, डी२०, म्हणजे वीस बाजूंचा डाइस, पडतो. तिसरी, लागलं की चुकलं ते ठरतं. चौथी, डॅमेज ठरतं. बचावाचं प्रत्येक फीचर यातल्या एका ठराविक जागेला बसवलेलं आहे आणि कुठल्या जागेला ते त्या फीचरच्या वर्णनातच लिहिलेलं असतं. डीएम मात्र चारही जागा एका श्वासात बोलून टाकतो, मग ज्याचा बचाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागेवर आहे त्याच्यासाठी दार उघडलंच नाही असं होतं, आणि तो चौथ्या जागेवरून ओरडतो. भांडण नियमाचं वाटतं पण ते बोलण्याच्या वेगाचं असतं, आणि म्हणून नियम कितीही वेळा वाचून दाखवले तरी ते मिटत नाही.

आधी शील्ड घेऊ, कारण सगळ्यात जास्त ओरडाआरडा त्यावरूनच होतो. शील्ड हा पहिल्या लेव्हलचा स्पेल, रिअ‍ॅक्शनने (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी झटपट कृती, आपल्या टर्नपासून पुढच्या टर्नपर्यंत एकदाच) टाकायचा, आणि टाकायची वेळ म्हणजे तुम्हाला हल्ला लागला तेव्हा किंवा मॅजिक मिसाइलचा निशाणा तुम्ही झालात तेव्हा. एसी (आर्मर क्लास, म्हणजे हल्ला लागायला जो आकडा गाठावा लागतो तो) ५ ने वाढतो, तुमचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत टिकतो आणि ज्या हल्ल्यामुळे स्पेल टाकला त्या हल्ल्यालाही तो लागू होतो. म्हणजे जागा तिसरी. लागलं हे कळलंय, डॅमेज किती ते अजून कळलेलं नाही. डॅमेज ऐकून "चार? जाऊ दे, नको टाकत" किंवा "बावीस? टाकतो टाकतो" असं करता येत नाही, कारण मग स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायची मोजकी संधी, जपून ठेवायचा की आता घालवायचा हा जो विचार विझार्डला करायला लागतो तो उरतच नाही, आणि त्या स्पेलची किंमतच त्या विचारात आहे.

नॅचरल २० (क्रिट, म्हणजे डाइसवरच थेट २० येऊन हमखास लागणारा हल्ला) पडला तर शील्डने तो हल्ला चुकत नाही, क्रिट हा क्रिट. पण त्याच शत्रूचे अजून हल्ले बाकी असतील तर त्यांच्यासाठी वाढलेला एसी मिळतो, म्हणून क्रिटवर शील्ड टाकणं नेहमीच वाया जातं असं समजू नका.

इथे एक खूप महत्त्वाची गोष्ट, तीन हल्ले करणारा राक्षस आला की डीएम तिन्ही डी२० एकदम फेकतो आणि तिन्ही आकडे सांगतो. समजा विझार्डचा एसी १५ आहे आणि ट्रोलचे आकडे आले १७, २२, १९. शील्ड पहिल्या हल्ल्यावर टाकलं तर एसी २०, सतरा चुकला, बावीस लागला, एकोणीस चुकला. तेच विझार्डने पहिला सोसून घेतला आणि बावीसवर टाकलं तर बावीस तरीही लागतो, फक्त तिसरा वाचतो. तीन आकडे आधीच समोर असतील तर विझार्ड परीक्षेचा पेपर बघून उत्तर लिहिल्यासारखा निर्णय घेतो आणि मग दुसरा कोणीतरी म्हणणारच की हे बरोबर नाही. उपाय साधा आहे, एकेक हल्ला पूर्ण करायचा आणि मग पुढचा डाइस. वेळ जास्त लागेल असं वाटतं पण वाद नसल्यामुळे उलट लवकर आटपतं.

मॅजिक मिसाइल वेगळं, तिथे डी२० नाहीच, तीन बाण आपोआप लागतात, प्रत्येकी १डी४+१ (चार बाजूंचा एक डाइस अधिक १). त्यामुळे तिथे शील्डची जागा पहिली, डीएमने "बाण तुझ्याकडे येतायत" म्हटलं की लगेच, डॅमेजचे डाइस हातात घ्यायच्या आधी.

आता बाकीचे बचाव कुठल्या जागेवर बसतात ते सांगतो, पण एक करा, हे माझ्याकडून पाठ करू नका, तुमच्या कॅरेक्टर शीटवरचं (पात्राची माहिती लिहिलेला कागद) वाक्य स्वतः वाचा, कारण एडिशनप्रमाणे जागा बदललेल्या आहेत.

पहिल्या जागेवर प्रोटेक्शन फायटिंग स्टाइल. ढाल हातात आहे, पाच फुटातल्या दुसऱ्या कोणावर हल्ला होतोय आणि हल्ला करणारा तुम्हाला दिसतोय, तर त्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज. डिसअ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन डाइस टाकून त्यातला कमी आकडा घ्यायचा, त्यामुळे हे डी२० पडायच्या आधीच बोलायला हवं. आमच्याकडे पॅलाडिन खेळणारीचं हे फीचर महिनोन्‌महिने वापरलंच गेलं नव्हतं कारण तिला निशाणा कळायचा तेव्हा आकडाही कळलेला असायचा. ती वाद घालणाऱ्यांतली नाही म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. जे ओरडतात त्यांचा प्रॉब्लेम दिसतो, जे गप्प बसतात त्यांचं फीचर नुसतं शीटवर पडून राहतं, डीएम लोकांनी हे खरंच बघावं.

दुसऱ्या जागेवर बार्डचं (गाणारं-बजावणारं पात्र) कटिंग वर्ड्स, शत्रूच्या आकड्यातून डाइस वजा करणारं, २०१४ च्या नियमात. रोल पडल्यावर, पण लागलं की चुकलं हे डीएमने ठरवायच्या आधी. २०२४ मध्ये हेच फीचर तिसऱ्या जागेवर सरकलं, हल्ला यशस्वी झाल्यावर वापरायचं असं झालं. बार्डसाठी हे बरंच बरं झालं कारण चुकणाऱ्या हल्ल्यावर इन्स्पिरेशनचा मोजका डाइस फुकट जात नाही. पण एकाच टेबलावर एकजण जुनं पुस्तक वाचतोय आणि दुसरा नवं, तर दोघंही पुस्तकात बोट ठेवून बरोबर आणि तरी भांडण चालू, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिसऱ्या जागेवर शील्ड, डिफेन्सिव्ह ड्युएलिस्ट, आणि रोगचं (Rogue, चोरटं, चपळ पात्र) अनकॅनी डॉज जे पाचव्या लेव्हलला मिळतं. अनकॅनी डॉजवर बरेच जण अडतात, कारण ते डॅमेज अर्धं करतं म्हणून वाटतं की डॅमेज ऐकून वापरायचं. शब्द मात्र असे आहेत की दिसणाऱ्या शत्रूचा हल्ला लागला तेव्हा. म्हणजे लागलं म्हटल्यावर, आकडा ऐकायच्या आधी. काही डीएम रोगला डॅमेज ऐकून ठरवू देतात आणि मला त्यात मोठं पाप वाटत नाही, फक्त मग ते सगळ्या रोगांना, सगळ्या सेशनला, आणि कॅम्पेन सुरू होतानाच सांगून. मध्येच एका लढाईत दिलं आणि पुढच्या लढाईत नाकारलं की तिथून पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

चौथ्या जागेवर बॅटल मास्टरची पॅरी, तिचं वाक्यच आहे की मेली (melee), म्हणजे जवळून केलेल्या, हल्ल्याने तुम्हाला डॅमेज झालं तेव्हा, मग सुपिरिअ‍ॅरिटी डाइस आणि वरून मॉडिफायर इतकं डॅमेज कमी. अ‍ॅब्सॉर्ब एलिमेंट्स पण इथलंच, आग, वीज, थंडी, अ‍ॅसिड किंवा थंडर डॅमेज झालं की. हेलिश रिब्यूक पण, जरी तो बचाव कमी आणि उलटा वार जास्त असला तरी. इथे डॅमेज ऐकूनच ठरवायचंय आणि ते पूर्ण नियमात आहे, त्यामुळे फायटर चौदा ऐकून पॅरी म्हणाला तर "तू आकडा ऐकलास" म्हणून त्याला अडवू नका. हेलिश रिब्यूकबद्दल एवढंच की त्या डॅमेजने तुमचे हिट पॉइंट्स (जीवाचे गुण) शून्यावर गेले तर बेशुद्ध, बेशुद्ध म्हणजे इनकॅपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारे), आणि इनकॅपॅसिटेटेडला रिअ‍ॅक्शन नाही.

आणि नवीन खेळणाऱ्यांसाठी, "मी डॉज करतो" हे वार होताना बोलायचं वाक्यच नाही. डॉज ही आपल्या टर्नला घ्यायची अ‍ॅक्शन, ती घेतली की पुढचा टर्न सुरू होईपर्यंत दिसणाऱ्या प्रत्येक शत्रूला तुमच्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज आणि तुम्हाला डेक्स सेव्हला (चपळाईने वाचण्यासाठी फेकायचा डाइस) अ‍ॅडव्हान्टेज. शत्रूच्या टर्नला ते आयत्या वेळी सुचून उपयोग नाही. नव्या मुलांना हे कोणी सांगत नाही, ते बिचारे कॉम्प्युटर गेममधून आलेले असतात जिथे बटण दाबलं की डॉज होतं.

आता उपाय. डीएमने चार जागा चार वेगळ्या वाक्यांत बोलायच्या आणि प्रत्येकीनंतर श्वास घ्यायचा, एवढंच. मी असं बोलतो: "ओगर, निशाणा रोग." थांबलो. डाइस टाकला. "एकवीस, लागतंय का?" इथे उत्तर मी देत नाही, ज्याच्यावर हल्ला झाला तो देतो, तो स्वतः "लागलं" बोलतो किंवा "लागत होतं पण शील्ड" बोलतो. तो "लागलं" म्हणाला की मगच मी डॅमेजचे डाइस उचलतो. ज्यांना डी२० आणि डॅमेज एकत्र फेकायची सवय आहे त्यांनी फेका, पण डॅमेजवर हात किंवा डीएमची स्क्रीन (आडोशाचा पुठ्ठा) ठेवा. "लागतंय का" हा प्रश्न विचारणं हेच दार उघडं ठेवणं आहे, वेगळं काही जाहीर करायला लागत नाही, आणि दोन सेशनमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसतं.

आकडा उघड सांगावा की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. शील्डच्या नियमात फक्त लागलं एवढंच म्हटलंय, कितीने लागलं हे सांगायचं बंधन डीएमवर नाही. तरी मी सांगतो. विझार्डला एकवीस ऐकून कळतं की १५ अधिक ५ म्हणजे २०, शील्ड टाकून फायदा नाही, आणि तो स्लॉट वाचवतो. काहींना हे फार सोपं केल्यासारखं वाटतं. मला वाटतं पहिल्या लेव्हलचे मोजके स्लॉट असलेल्या माणसाला आंधळेपणी खर्च करायला लावण्यात मजा नाही, आणि आकडा लपवला की लोक डीएमवर संशय घ्यायला लागतात ते वेगळंच. फक्त पार्टीत जुन्या नियमाचा बार्ड असेल तर आकडा बोलायच्या आधी "डाइस पडलाय" म्हणून एक क्षण द्यायचा, कारण त्याची जागा तिथे आहे.

मग उशीर झाला तर? इथे माझं एक ठाम मत आहे. डीएम थांबला होता आणि खेळाडू बोलला नाही, तर गेलं, कितीही हळहळ वाटली तरी. डीएम थांबलाच नव्हता, तर डॅमेज सांगून झालं असलं तरी मागे जायचं आणि बचाव द्यायचा. क्रिकेटमध्ये रिव्ह्यू मागायला १५ सेकंद मिळतात ना, अंपायरने बोट वर केल्यानंतर पण रिप्ले बघायच्या आधी, तसंच हे: वेळ दिलेली असली पाहिजे, आणि ती संपली की संपली. माझ्या टेबलावर घड्याळ लावत नाही, श्वास पुरतो.

हाच न्याय डीएमच्या राक्षसांनाही. खेळाडूंना हे दिसत नाही पण त्यांचीही सवय तीच असते, "तेवीस, लागतंय, अठरा डॅमेज" एका दमात, आणि मग डीएम म्हणतो "त्याने शील्ड टाकलं" तेव्हा अख्खं टेबल चिडतं की अठरा ऐकून टाकलं. २०१४ च्या नाइटकडे पॅरी आहे, एका मेली हल्ल्याविरुद्ध एसी २ ने वाढतो, १८ चा २० होतो. फायटरचा १९ आला तर तो हल्ला लागणार होता आणि पॅरीने चुकणार. ही पॅरी डीएमने डॅमेज ऐकायच्या आधी बोलली तर कोणी काही म्हणत नाही, नंतर बोलली तर फायटरला फसवल्यासारखं वाटतं. म्हणून खेळाडूनेही आकडा सांगून थांबायचं आणि डीएमने "लागलं" म्हटल्यावरच डॅमेज सांगायचं. दोन्ही बाजूंनी एकच शिस्त.

काउंटरस्पेलकडे येतो, हा सगळ्यात अवघड प्रकार. तिसऱ्या लेव्हलचा, रिअ‍ॅक्शन, साठ फुटांच्या आत म्हणजे पाच-पाच फुटांच्या बारा चौकोनात कोणी स्पेल टाकताना दिसला तर. ‘टाकताना’ हा शब्द धरून ठेवा. टाकून झाल्यावर नाही. "तो फायरबॉल टाकतो, सगळ्यांनी डेक्स सेव्ह करा" असं डीएम बोलला की काउंटरस्पेलची जागा त्याने स्वतः पुसून टाकली आणि पुढचं भांडण त्यानेच ओढवून घेतलं. बोलायचं असं: "मांत्रिक हात फिरवतोय, काहीतरी मंत्र म्हणतोय." थांबायचं. कोणी काउंटर केलं तर त्याचा निकाल लावायचा, नाही केलं तरच स्पेलचं नाव.

नाव आधी सांगावं की नंतर यावर २०१४ च्या नियमात स्पष्ट काही नव्हतं, पुढे २०१७ च्या झानाथार्स गाइडमध्ये पर्यायी नियम आला की चालू असलेला स्पेल ओळखायला रिअ‍ॅक्शन खर्च करून अर्कानाचा (जादूच्या ज्ञानाचा) चेक, डीसी म्हणजे गाठायचा आकडा १५ अधिक स्पेलची लेव्हल. अडचण लगेच दिसते, ज्याने ओळखायला रिअ‍ॅक्शन वापरली त्याच्याकडे काउंटर करायला रिअ‍ॅक्शनच उरली नाही. मग एकाने ओळखायचं आणि दुसऱ्याला ओरडून सांगायचं, हे चालेल का? आमच्याकडे चालतं, ओरडणाऱ्याला एक छोटं वाक्य, जास्त नाही. नाव न सांगता खेळलं तर काउंटरस्पेल हा खरा जुगार होतो, नाव सांगून खेळलं तर तो हुकमी एक्का होतो, दोन्ही खेळून बघितलंय आणि मला पहिलं जास्त आवडतं. पण मग हा नियम डीएमनेही पाळायचा, विझार्ड "मी फायरबॉल टाकतो" म्हणाला की शत्रूच्या मांत्रिकाने काउंटर करायचा आणि "मी लाइट टाकतो" म्हणाला की गप्प बसायचं, असं चालणार नाही. खेळाडूनेही "मी स्पेल टाकतोय" म्हणून थांबायचं.

निकाल लावण्यातही दोन एडिशनमध्ये खूप फरक आहे. २०१४ मध्ये समोरचा स्पेल तिसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा असेल तर आपोआप मोडतो, वरचा असेल तर तुमच्या स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा चेक, डीसी १० अधिक त्या स्पेलची लेव्हल. २०२४ मध्ये स्पेल टाकणाराच कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करतो, फेल झाला तर स्पेल विरून जातो, अ‍ॅक्शन वाया जाते, पण त्याचा स्लॉट वाचतो. हा स्लॉट वाचणं लोक विसरतात आणि दोन राउंडनंतर हिशेबावरून परत भांडतात, तेव्हा लगेच शीटवर लिहून ठेवा.

काउंटरच्या काउंटरचं काय? शेवटी टाकलेला आधी सुटतो. शत्रूने तुमच्या फायरबॉलवर काउंटर टाकला, तुमच्या क्लेरिकशेजारच्या सॉर्सररने त्या काउंटरवर काउंटर टाकला, तर सॉर्सररचा निकाल पहिला, तो चालला तर शत्रूचा मोडला आणि फायरबॉल वाचला. स्वतःच्याच फायरबॉलला स्वतःच काउंटरने वाचवणं २०१४ मध्ये जमायचं, आपल्या टर्नलाही रिअ‍ॅक्शन वापरता येते. २०२४ मध्ये एका टर्नला स्पेल टाकण्यासाठी एकच स्लॉट खर्च करता येतो, त्यामुळे ते बंद झालं, दुसऱ्या कोणीतरी वाचवायला लागतं. आणि सॉर्सररने सटल स्पेल वापरून बोलणं आणि हातवारे दोन्ही काढून टाकले आणि मटेरियल लागत नसेल, तर टाकताना काही दिसतच नाही, म्हणून काउंटरही नाही.

पुढचा नेहमीचा घोळ रिअ‍ॅक्शन परत कधी मिळते याचा. राउंड सुरू झाल्यावर मिळते असं सगळे धरून चालतात. ती तुमचा स्वतःचा टर्न सुरू होताना मिळते. विझार्डने ट्रोलवर शील्ड टाकलं, त्यानंतर राउंड बदलला पण विझार्डचा टर्न अजून आला नाही, तर त्याच्याकडे काउंटरस्पेल नाही. यावर आम्ही कॅरमच्या सोंगट्या वापरतो, प्रत्येकाकडे एक, रिअ‍ॅक्शन वापरली की ती टेबलाच्या मधोमध सरकवायची, आपला टर्न आला की पहिली गोष्ट ती उचलायची. डीएमच्या मोठ्या राक्षसांनाही एकेक सोंगटी. हे केल्यापासून "तू वापरली होतीस का रे" हा प्रश्नच बंद झाला. शील्डचा वाढलेला एसीही सोंगटी उचलली की संपतो, दोन्हीची मुदत एकच असल्यामुळे वेगळं लक्षात ठेवायला लागत नाही.

रेडी अ‍ॅक्शनवाल्यांसाठी, म्हणजे "अमुक झालं की मी तमुक करेन" असं आधी सांगून ठेवणाऱ्यांसाठी. "तो माझ्यावर वार करायला आला की मी मागे सरकेन" असं रेडी ठेवलं तर निराशा होते, कारण रेडी केलेली गोष्ट ट्रिगर (ठरवलेली घटना) पूर्ण झाल्यावर घडते, म्हणजे वार आधी आणि सरकणं नंतर. ट्रिगर एक पायरी अलीकडे घ्या, "तो माझ्या पाच फुटांत आला की". तो आला, तुम्ही सरकलात, आता त्याच्याकडे चालायला फूट उरले असतील तर तो परत मागे येईल, पण निदान विचार करायला लावलंत. जुन्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये हेच सर्वसाधारण उत्तर आहे: रिअ‍ॅक्शनच्या वर्णनात वेळ दिली असेल तर ती पाळा, दिली नसेल किंवा कळत नसेल तर ट्रिगर संपल्यावर. मोबाईलवर अर्धा तास शोधण्यापेक्षा हे एक वाक्य स्क्रीनच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

अपॉर्च्युनिटी अटॅक उलटा आहे, तो शत्रू पोहोचीबाहेर जायच्या जस्ट आधी होतो. म्हणून डीएमने मिनी (राक्षसाची छोटी मूर्ती) उचलून थेट सहा चौकोन पलीकडे ठेवली की गोंधळ. मिनी कडेच्या चौकोनापर्यंत न्या, "बाहेर पडतोय" म्हणा, मग पुढे.

दुसरे गेम खेळणाऱ्यांना थोडक्यात, कारण ऐरोलीच्या टेबलावर अधूनमधून तेही होतात. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये ढाल आधी आपल्या टर्नला एक अ‍ॅक्शन देऊन वर करावी लागते, तरच नंतर शील्ड ब्लॉकची रिअ‍ॅक्शन मिळते, आणि ती डॅमेजच्या जागेवर बसते. स्टीलच्या ढालीची हार्डनेस ५, तेवढं कमी होतं आणि उरलेलं तुम्हाला आणि ढालीला दोघांना बसतं, ढालीचे २० हिट पॉइंट्स, १० वर ती मोडकी. रोगचं निंबल डॉज मात्र निशाण्याच्या जागेवर, आकडा ऐकल्यावर नाही, आणि त्याचे २ आणि वर केलेल्या ढालीचे २ एकत्र जोडले जात नाहीत कारण दोन्ही एकाच प्रकारचे, सर्कमस्टन्स, बोनस. गर्प्समध्ये तर हा वाद जवळजवळ होतच नाही, हल्ला लागला की बचाव करणारा डॉज, पॅरी किंवा ब्लॉक यातलं एक निवडतो आणि स्वतः ३डी६ (सहा बाजूंचे तीन डाइस) फेकतो, म्हणजे थांबण्याची जागा नियमातच बांधलेली आहे. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या एडिशनमध्ये डॉज करायचं की उलटून मारायचं हे डाइस टाकायच्या आधी सांगावं लागतं, बरोबरी झाली तर डॉजवाला जिंकतो पण उलटून मारणारा हरतो. हे गेम एकदा तरी खेळून बघाच, परत डी अँड डीवर आलात की थांबायची सवय आपोआप लागलेली असते.

शेवटचं ऑनलाइनवाल्यांसाठी, जुलैमध्ये गाड्या बंद पडल्या की आमचंही सेशन डिस्कॉर्डवरच होतं. आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचतो, त्यामुळे श्वासभर थांबणं तिथे पुरत नाही. आम्ही चॅटमध्ये नुसतं ‘थ’ टाईप करतो, थांब मधला थ, आणि डीएम डॅमेजचं बटण दाबायच्या आधी चॅटकडे एकदा बघतो. रोल२० (ऑनलाइन टेबलाची साइट) वर २०१४ च्या शीटमध्ये डॅमेज आपोआप फेकायची सेटिंग असते, ती बदलून ‘डोन्ट ऑटो रोल डॅमेज’ करा, नाहीतर हल्ला आणि डॅमेज एकाच डब्यात दिसतात आणि तुम्ही कितीही शिस्तीत बोललात तरी आकडा सगळ्यांनी वाचलेला असतो. ही सेटिंग प्रत्येकाला आपापल्या शीटवर करायला लागते, डीएमने राक्षसांच्या शीटवर वेगळी, तेव्हा सेशन सुरू व्हायच्या आधी एकेकाला विचारून घ्या. आणि नेटवर्क गेल्यामुळे एखाद्याचं ‘थ’ उशिरा आलं तर तिथे मी नेहमी त्याच्या बाजूने निर्णय देतो, दार उघडं होतं पण त्याला ते दिसलंच नव्हतं.